गिनतीत नसलेला भाग

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक ताट जास्त वाढलं जायचं. स्टीलचं, खोलगट, काठावर टिंबाटिंबांनी 'जनार्दन' असं नाव कोरलेलं, काकाच्या लग्नात आलेलं. आजा पाटावर बसला की त्याच्या डाव्या हाताला, दाराकडे तोंड करून ते ताट मांडायचं. भात, जवळ्याचं नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, कडेला कांदा. जे आजाच्या ताटात तेच त्या ताटात. आजा जेवत असेपर्यंत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. घरात फक्त त्याच्या चावण्याचा आवाज आणि भरतीची वेळ असेल तर मागच्या खाडीचा. आजा हात धुवायला उठला, की माझी हिरा काकी ते दुसरं ताट स्वतःकडे ओढायची आणि त्यातच जेवायची. भातावर तोवर साय धरलेली असे, कालवणाचं तेल काठाला थिजलेलं. माझ्या आठवणीत काकी कधी गरम जेवलेली नाही.

जना काका हा माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. दोघं एकाच बोटीवर जायचे, आजा त्या बोटीचा तांडेल. एकदा बोट परत आली आणि काका आला नाही. जेवण झाल्यावर हात धुवायला तो मागच्या बाजूला गेला होता, इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही, आणि थोड्या वेळानं माझ्या वडिलांनी हाक मारली तेव्हा तिथं नुसतं पाणी होतं. किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या. काही मिळालं नाही. दोरीवर वाळत घातलेला त्याचा चौकड्यांचा शर्ट तेवढा घरी आला. मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते. मी सांगणार आहे ते त्यानंतर बऱ्याच वर्षांचं, हायस्कुलात गेल्यावरचं. तोवर काकाचा चेहरा माझ्या मनात पुसट झाला होता. उरला होता तो लोकांनी सांगितलेला काका. तो पाय ओढत चालायचा, लहानपणी बोटीच्या दोरात पाय सापडला होता म्हणून. घरात शिरण्याआधी खाकरायचा आणि रिकाम्या घराला विचारल्यासारखं विचारायचा, "कुनी हाय का घरान?"

सगळं गाव म्हणत होतं की आता दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून घ्या. भटजी तयार होते. माझ्या वडिलांनी आजाकडे विषय काढून बघितला, तर आजा जाळं विणता विणता मान वर न करता म्हणाला, "मना मढं दाखव, मंग रडतो." त्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. आणि यात अडकली होती ती काकी. विशीतली बाई, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, आणि नवरा कुठं तर ताटात. तिचा भाऊ दिघीहून येऊन जायचा. आमच्यात बाईनं दुसऱ्यांदा पाट लावणं यात काही वावगं नाही, तिच्यासाठी एक चांगलं माणूसही त्यानं बघून ठेवलं होतं. पण ज्या बाईच्या नवऱ्याचं पान रोज मांडलं जातं तिचा पाट कोण लावणार. आजाच्या तोंडून 'गेला' एवढं निघालं असतं की ती सुटली असती. न विचारता निघून गेली असती तरी तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण म्हाताऱ्याला त्या ताटासमोर एकटं टाकून जाणं तिच्यानं होत नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. मला तेव्हा तिचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो.

ह्या सगळ्यात आमच्या घरी केबल आली. पापलेटचा एक हंगाम बरा गेला होता, त्यात वडिलांनी रंगीत टीव्ही घेतला. संध्याकाळी एका वाहिनीवर परदेशी कार्टूनची मालिका लागायची. एक कुटुंब होतं, त्यातल्या बापाची मान वीतभर लांब, त्याचा टाय दर वेळी सूपमध्ये पडायचा. आम्ही तिला 'लांबमान्याची शिरेल' म्हणायचो. सगळं इंग्रजीत. आमच्याकडे टीव्हीला जमणाऱ्या पोरांत ते इंग्रजी कळणारी एकच मुलगी होती, पलीकडच्या मोहल्ल्यातली शबाना. तिचे अब्बा बहारीनला होते, दहा वर्षांची होईपर्यंत ती तिकडेच वाढलेली. तिच्या दादीला टीव्ही चालत नसे, म्हणून ती आमच्याकडे यायची. टीव्ही आमचा आणि समज तिची, असा तो सौदा होता. ती ओटीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि लांबमान्या काय बोलला ते आम्हाला सांगायची. आम्ही हसायचो ते नेहमी थोडं उशिरा.

मग एकदा तो भुतांचा भाग लागला. वर्षातून एकदाच असतो, शबाना म्हणाली. सुरुवातीलाच एक भलामोठा लाल भोपळा, त्याला डोळे-तोंड कोरलेलं, आत दिवा. काकी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत उभी होती. "येवरा चांगला भोपला," ती म्हणाली, "घारगे झालं असतं." मग पोरं तोंडं रंगवून, सोंगं घेऊन दारोदार हिंडायला लागली आणि लोक त्यांच्या झोळीत गोळ्या टाकायला लागले. आम्हाला एकदम ओळख पटली. हा तर त्यांचा शिमगा. नुसता आश्विन-कार्तिकात येणारा.

त्या भागात तीन गोष्टी होत्या. पहिलीत घराच्या भिंती बोलायच्या, दुसरीत आरशातली बाई बाहेर यायची. तिसरीत धुक्यातून बुडालेले खलाशी आपापल्या घरी परत यायचे. त्यात लांबमान्या स्वतःच बुडालेला होता. मानेवर शेवाळ, कानात शिंपला, पावलागणिक पाणी गळतंय. दार वाजवतो, बायको दार उघडते आणि म्हणते, आधी पाय पूस. मग पुढं मुलं घाबरून किंचाळतात आणि तो बिचारा सूप मागतो. शबाना हसून हसून आडवी झाली. म्हणाली, "अगं, ह्ये सगलं पिच्चरची नकल हाय. खरे पिच्चर मी बघलेत तिकडं. त्ये बघून तर झोप नाय येत." आम्ही त्यातला एकही पिच्चर बघितला नव्हता. त्यामुळे ती आधी खऱ्या पिच्चरची गोष्ट सांगायची आणि मग नक्कल कशी केली ते. तोवर जाहिराती लागलेल्या असत.

तांदूळ निवडणारा काकीचा हात केव्हाच थांबला होता. तिनं विचारलं, "म्हंजे खऱ्यान लोक रडत असतील?"

"रडतात, घाबरतात."

"आन नकलेला हसतात कशाला?"

शबानानं विचार केला. "खरं आदी बघलेलं असतं ना, म्हणून."

"आमी तर नकलच आदी बघली," काकी म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात लांबमान्या पुन्हा टेबलाशी बसून सूप पीत होता, कोरडाठाक. काकी मुद्दाम बाहेर आली. "ह्यो मेला व्हता ना?" शबाना म्हणाली, "त्यो भुताचा भाग होता काकी. त्यो गिनतीत नसतो. त्याच्यात कुणी पन मरू दे, नंतर सगलं पयल्यासारखं." काकीनं मान हलवली. मी तिच्याकडे बघत होते. तिनं एकदा आजाकडे बघितलं, एकदा भिंतीशी उभ्या ठेवलेल्या त्या ताटाकडे. आजा कोपऱ्यात टीव्हीकडे पाठ करून जाळं विणत बसलेला असायचा. तो टीव्ही बघत नाही असं सगळे धरून चालत. पण 'गिनतीत नसतो' म्हटल्यावर त्याची सुई थांबली होती, हे मला नक्की आठवतं. आमचं घर त्या भुतांच्या भागातच अडकून पडलं होतं. त्यानंतरचा आठवडा काही उजाडत नव्हता.

त्या दिवसांत मला घराची भीती वाटायची. दिवसासुद्धा. शाळेतून आले की ओटीच्या शहाबादी फरशीवरून मी उड्या मारत जायची, कारण तिथं काकाच्या ओढत्या पायाचा आवाज व्हायचा असं आय एकदा बोलून गेली होती. मांजर ताटाजवळून गेलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा. भूत दिसलं असतं तर बरं झालं असतं. न दिसणाऱ्याला रोज जेवायला वाढायचं आणि मग ते उष्टं आपल्याच माणसानं खायचं, ह्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

शिमगा जवळ आला. आमच्याकडे होळीच्या दुसऱ्या दिवशी सोंगं निघतात, आणि सोंगाचे काही नियम आहेत. सोंग उंबरा ओलांडून आत येत नाही. सोंगाला त्याचं खरं नाव विचारायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसानं 'कोन तुमी, काय मांगता' असं विचारायचं, आणि सोंग जे पोस्त, म्हणजे शिमग्याचं दान, मागेल ते देता येण्यासारखं असेल तर द्यायचंच. हे नियम गावात कुणाला तोंडपाठ असतील तर आजाला. तरुणपणी त्याच्या सोंगांना आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. एका वर्षी म्हणे तो फौजदाराचं सोंग घेऊन फौजदाराच्याच दारात गेला आणि पोस्त म्हणून त्याची टोपी मागितली. मिळाली टोपी.

आम्ही पोरांनी ठरवलं, ह्या वर्षी लांबमान्याचा भुतांचा भाग करायचा. एक भिंत, एक आरसेबाई आणि बुडालेला लांबमान्या. मडक्यावर कागदाचा लगदा थापून मुखवटा केला. त्याला खाली डोकं आत जाईल एवढ्या जाड पाइपाचा तुकडा मान म्हणून जोडला, चुन्यानं पांढरं केलं, जाळ्याचे तुकडे आणि शेवाळ चिकटवलं. शिवणकाम सगळं काकीनं केलं. लांबमान्या मी होणार होते. मुखवटा घातला की डोळे पाइपाच्या भोकातून बाहेर बघायचे आणि वर चेहरा आपोआप डुगडुगायचा. आवाज पाइपातून जाऊन जाडा व्हायचा, शबाना म्हणाली अगदी बुडाल्यासारखा.

धुळवडीच्या दिवशी दुपारी आम्ही शाळेमागं तयार होत होतो. काकी आली. घरी बाजाराला जाते सांगून निघाली होती. म्हणाली, "बाय, त्यो मुखवटा मना दे." मला वाटलं काही टाका घालायचा राहिलाय. तिनं पिशवीतून काकाचा चौकड्यांचा शर्ट काढला, साडीवरूनच घातला, खाली वडिलांची जुनी पँट. पोरींचं चालून जातं, पण बायका आमच्याकडे सोंगं घेत नाहीत. बाईचं सोंग असलं तरी ते पुरुषच घेतो. मी काही बोलायच्या आत तिनं मुखवटा चढवला होता आणि हिरव्या बांगड्या बाहीत वर सारून वर दोरी बांधली होती, वाजू नयेत म्हणून. मी शेवाळाची पाटी घेऊन तिच्या मागं चालले. आमच्यातल्या पोरांखेरीज आत कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या चार-सहा घरी तिनं लांबमान्याच केला. टाय पाण्याच्या घागरीत बुडवला, सूप मागितलं, लोक पोट धरून हसले. कार्टून न बघितलेलेसुद्धा. इतकी हसवू शकते हे मला माहीत नव्हतं. तिचं लग्न झालं तेव्हा ती अशीच होती, असं आय पुढं एकदा म्हणाली.

मग आमचं घर आलं. ऊन कलतं होतं, ओटीवर अर्धं आलेलं. आजा दाराशी खांबाला टेकून बसला होता, मांडीवर जाळं. माझे वडील पायरीवर, आत आयचं मसाला कांडणं चाललेलं. आम्हाला बघून आजा खूश झाला. "या, या. कोन तुमी? कंच्या गावचं?"

लांबमान्याचं ठरलेलं वाक्य होतं, आम्ही समुद्राखालच्या गावचे. काकी ते बोलली नाही. ती ओटीच्या फरशीवर चढली आणि चालायला लागली. एक पाय नीट पडायचा, दुसरा फरशीवरून घासत यायचा. खस्स. खस्स. आत मुसळ थांबलं. पोरं अजून हसत होती, कारण वर ती लांब पांढरी मान डुगडुगत होती आणि कानातला शिंपला हलत होता. खाली मात्र तो शर्ट होता. उंबऱ्यापाशी येऊन ती थांबली, खाकरली आणि पाइपातून आवाज आला, "कुनी हाय का घरान?"

माझे वडील उभे राहिले. पोरांचं हसू एकेकाचं बंद झालं. मी आत कोण आहे हे जाणत होते, तिच्या कंबरेचा शर्ट मीच मागून धरला होता, आणि तरीही मी तो सोडून एक पाऊल मागं सरले.

आजा त्या पायांकडे बघत राहिला. मग नियमाप्रमाणे, खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "काय मांगतंस?"

"बाबा, माजा ताट उचल," सोंग म्हणालं. काकी जन्मात आजापुढं मान वर करून बोलली नव्हती. "मना आता भूक लागत न्हाय. तू वाढतंस, मना यावा लागतं. लय लांबून यावा लागतं, बाबा."

आय दारात येऊन उभी होती, मसाल्याचा हात तोंडावर. कुणीतरी 'हिरा कुठाय' असं विचारेल आणि सगळं फसेल अशी मला भीती वाटत होती. कुणी विचारलं नाही. सोंगाचं नाव विचारायचं नसतं.

आजानं मांडीवरचं जाळं बाजूला ठेवलं, खांबाला धरून उठला, आत गेला. ताट घेऊन बाहेर आला. उपरण्यानं ते पुसलं, आधीच स्वच्छ होतं तरी. कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला आणि ताट सोंगाच्या हातात दिलं, त्यावर एक नारळ ठेवून. ती वळली आणि परत तशीच पाय ओढत पायऱ्यांकडे निघाली. तेव्हा आजा मागून बोलला, रागानं नाही, चुकलेल्या पोराला सांगावं तसं. "उजवा पाय. डावा नव्हं. त्यो उजवा पाय ओढायचा."

काकी क्षणभर थांबली. मागं वळून बघितलं नाही. सोंगानं बघायचं नसतं.

त्या संध्याकाळी आजाच्या डाव्या हाताची जागा रिकामी राहिली. तो म्हणाला, "हिराला आदी वाढ, गरम हाय तवर." आणि मग तो रडला, पाटावर बसूनच, भाकरी हातात धरून. पंधरवड्याच्या आत दर्भाचा पुतळा झाला. काकीनं पुढं पाट लावला, तिला दोन मुलगे झाले, ती दिघीला आहे आणि अजून मोठ्यानं हसते. आजाला आत कोण आहे हे कधी कळलं, चालताना की बोलताना की आधीच, ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. पायाचं कोडं मात्र माझं मीच नंतर सोडवलं. आजानं लेकाला बोटीवर कायम पाठमोरं चालताना पाहिलं होतं. काकीनं त्याला पाहिलं ते दारातून, घरी परत येताना, समोरून, म्हणजे त्याचा उजवा पाय तिच्या डाव्या बाजूला.

परवा माझ्या मुलीनं मोबाइलवर एक जुना इंग्रजी पिच्चर लावला. धुकं, आणि त्यातून येणारे बुडालेले खलाशी. मला लगेच कळलं, हाच तो खरा. मुलगी माझा पदर धरून बसली आणि मी हसायला लागले, चुकीच्या जागी, थांबता थांबेना. मग ते खलाशी पाय ओढत दारापर्यंत आले आणि माझं हसू गेलं. मी मोबाइल पालथा ठेवला. डोळे मिटून जना काकाला आठवायचा प्रयत्न केला, माझा स्वतःचा, मला कडेवर घेणारा, जो मी खरोखर पाहिला होता. घरात त्याचा एकच फोटो आहे, कंबरेपर्यंतचा. आजा खोटं बोलणारा नव्हता, तेव्हा पाय उजवाच असणार. पण मला दरवेळी ऊन कलतं दिसतं, ओटी दिसते, चुन्याची पांढरी मान डुगडुगते, आणि जो काका घरी येतो तो डावा पाय ओढत येतो.